बेचाळिसावा अर्थ

सरांच्या घरात राहायचं तर दर रविवारी सकाळी एक चिठ्ठी द्यावी लागे. बाकीच्या अटी सगळ्याच घरमालकांच्या असतात तशा होत्या. फाटक लावून घ्या, गच्चीवर मोठ्यानं गाणी लावू नका, वगैरे. चिठ्ठीची अट मात्र ते खोली दाखवतानाच सांगत, आणि निम्मे लोक तिथूनच चपला घालून परत जात. मी गेले नाही. माझं बी.एड.चं कॉलेज जवळ होतं, आणि एकट्या मुलीला शंभर प्रश्न न विचारता खोली देणारं दुसरं घर मला शहराच्या टोकाच्या या पडेगावात सापडलं नव्हतं.

चिठ्ठी एकाच शब्दाची असायची. लाईन. आठवडाभरात हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून आणायचं. काय म्हणालं, कोण म्हणालं, कुठं म्हणालं, कुणी ऐकलं, असे चार रकाने. तळाला पाचवा रकाना, 'तपासलं'. तो सरांचा. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूला सर हे रकाने आखून ठेवत, त्यामुळे कुठलीही चिठ्ठी उलटली की मागं कुणाच्या तरी चिरंजीवाचा अर्धा विवाह दिसायचा.

सर शहरातल्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. एवढ्या शब्दांतून याच शब्दाची निवड का, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "निरोप समारंभाला आमचा शिपाई बोलायला उठला. म्हणाला, सर, तुमच्यामुळं आमची लेकरं लाईनीला लागली. मी घरी आलो आणि त्या वाक्याचं इंग्रजी करायला बसलो. नाही झालं. शब्द इंग्रजीच, मी इंग्रजीचाच मास्तर, आणि जमंना. म्हटलं, इतकी वर्षं काय शिकवलं मग आपण? तेव्हा हा एक तरी शब्द पुरता समजून घेऊ."

समजून घेण्याची त्यांची पद्धत अशी की पुस्तकातलं चालत नसे, टीव्हीवरचं चालत नसे, विचारून वदवून घेतलेलं तर बिलकूल नाही. जिवंत माणसाच्या तोंडून, त्याच्या कामाच्या भरात, आपसूक निघालेलं वाक्य पाहिजे. आणि चिठ्ठी आली की सर स्वतः त्या माणसाकडं जात, वाक्य वाचून दाखवत, "हे तुम्हीच म्हणालात?" असं विचारत आणि सही किंवा अंगठा घेत. त्यासाठी शाईचा पॅड कायम खिशात. सदऱ्याच्या डाव्या खिशाला निळा डाग होता, तो कुठल्याही साबणानं जाणारा नव्हता.

चिठ्ठ्या मिठाईच्या खोक्यांत अर्थवार लावलेल्या. पेढ्याच्या खोक्यात रेल्वेची लाईन, बर्फीच्या खोक्यात टेलिफोनची, सोनपापडीत छावणीतल्या पलटणीच्या लाईनी, म्हणजे बराकी. रेशनची रांग वेगळी, वहीची ओळ वेगळी, नळाची पाइपलाइन वेगळी. "या लाईनीत पैसा नाही" म्हणणाऱ्या न्हाव्याला एक खोकं आणि कॉलेजच्या कट्ट्यावर लाईन मारणाऱ्या पोरांना दुसरं. या शेवटच्या खोक्यासाठीच्या एका चिठ्ठीच्या तपासणीला सर गेले तेव्हा त्या पोरांनी सह्या न देता पळ काढला. सर महिनाभर हळहळत होते, चांगली चिठ्ठी वाया गेली म्हणून.

माझ्या पहिल्या रविवारची गोष्ट. मी चिठ्ठी घेऊन खाली गेले तेव्हा सर भाकरी खात होते. ताटात फक्त भाकरी आणि मिरचीचा ठेचा. बायको गेल्यापासून ते असंच काहीतरी खात, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. मी वर जाऊन आईनं दिलेला जवसाच्या चटणीचा डबा आणला. सरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि मला म्हणाले, "बस. आता तुझ्या डब्यातून लाईन काढून दाखवतो."

मग त्यांनी सांगितलं की लॅटिनमध्ये जवसाला जो शब्द होता त्यातून आधी जवसाच्या धाग्याचा शब्द निघाला. धागा ताणला की सरळ रेघ होते, म्हणून रेघेला तेच नाव पडलं. लिनन तिथलंच, जवसाचं इंग्रजी लिनसीड तिथलंच, आणि जवसाचं कापड आत लावायचे म्हणून कोटाचं लायनिंगही तिथलंच. "तुझी आई रानात जे पेरते त्याच्यापासून हा शब्द झालाय, बाई. आणि तुम्ही म्हणता, इंग्रजी लई अवघड." मी आजवर वर्गात पुष्कळ काही शिकवलं, पण कुणाच्या चेहऱ्यावर मला चटणीचं बोट तोंडात असताना त्या दिवशी मला झाला तो आनंद आणता आलेला नाही.

हे सगळं ते कुणालाही सांगत. छावणीच्या बाजारात एक वयस्क शिंपी होते, त्यांच्याकडं मी ब्लाउज शिवायला टाकला होता. ते म्हणाले, "लायनिंग लगाऊं क्या?" सर माझ्याबरोबर होते. झालं. "मियाँ, ये लायनिंग भी उसीकी बेटी है."

"किसकी, सर?"

"जवस की."

शिंप्यांनी मशीन थांबवलं, सरांकडं नीट पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "बाई, इनको घर ले जाओ. धूप बहुत है आज."

आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा तर सर फाटकातच उभे राहत. एकदा दोन बायकांचं जुंपलं. एक म्हणाली, "लाईनीत ये की, मागून घुसती कामून?" दुसरी म्हणाली, "तुझ्या बापाची हाय का लाईन?" दोघी घागरी उगारून उभ्या, आणि मधे सर, हातात पेन. "बापाची लाईन, हे पुन्हा म्हणा बरं, नीट लिहून घेतो." त्या दोघींनी भांडण तिथंच सोडलं आणि मिळून सरांना झापलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पॅड पुढं केला. दोघींनी अंगठे दिले. टँकरवाला नंतर कितीतरी दिवस भांडण झालं की "सरला बोलवा" म्हणायचा.

मी राहायला आले तेव्हा एकेचाळीस अर्थ झाले होते. बेचाळिसावा काही येत नव्हता. दर रविवारी चिठ्ठ्या यायच्या, सर वाचायचे आणि "जुनंच आहे" म्हणून कुठल्यातरी खोक्यात टाकायचे. वर्ष तसंच गेलं. पुढं पुढं ते चिठ्ठी न वाचताच टेबलावर ठेवू लागले. तपासायला जाणंही कमी झालं. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि फाटकाकडं बघत राहत. मला ते बघवत नसे.

माझंही त्या दिवसांत काही खरं नव्हतं. गावाची आठवण पोटात दुखल्यासारखी यायची. आईला संध्याकाळी फोन करायची, पण शेताला वीज नेमकी त्याच वेळेला यायची आणि आईचं बोलणं तिथंच तुटायचं. "लाईन आली, ठेवते, मोटार चालू करायची." रोज हेच. मला काय सांगायचं होतं ते तसंच राहायचं. तिला काय सांगायचं होतं ते तर मला कधीच कळलं नाही.

अशाच एका शनिवारी फोन ठेवल्यावर मी कोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं. काय म्हणालं: "लेक लांब दिलीय. भेट नाय, बोलणं नाय, पण लाईन हाय." कोण म्हणालं: मेंढरं राखणारी म्हातारी, कपाळावर गोंदण, नाव माहीत नाही. कुठं म्हणालं: हर्सूलच्या तळ्याकाठी. कुणी ऐकलं: इथं मी माझं नाव लिहिलं. मी हर्सूलला तोवर एकदाही गेले नव्हते. तळं आहे एवढं ऐकून माहीत होतं, आणि पडेगावपासून ते दूर पडतं म्हणून ती जागा निवडली.

रविवारी सरांनी ती वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. नंतर ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "दिव्याची लाईन आपल्याकडं आहे. फोनची आहे. पण ही ती नव्हे. भेट नाही, बोलणं नाही, आणि तरी चालू आहे, असली लाईन मला अजून कुणी दिली नव्हती. ही बाई कुठं भेटेल?"

मी म्हणाले, "सर, मेंढपाळ ते. फिरतीवर असतात."

"परत तर येतील ना?"

मला वाटलं होतं, ते खूश होतील, चिठ्ठी खोक्यात जाईल आणि विषय संपेल. पण पुढच्या रविवारी सकाळी सर छत्री, पाण्याची बाटली आणि शाईचा पॅड घेऊन तयार. दोन बस बदलून आम्ही हर्सूलला गेलो. तळ्याकाठी मेंढरं घेऊन जी बाई दिसेल तिच्यासमोर सर उभे राहत आणि चिठ्ठी वाचून दाखवत. "बाई, तुम्ही कधी असं म्हणाला होता का?" एकीनं नुसतीच मान हलवली. एकीनं सरांना सरकारी माणूस समजून घरातली माणसं मोजून सांगितली. एक म्हणाली, "कंची लाईन, बाबा? हितं तं दोन दिवसापून लाईन नाय." सरांनी तेही लिहून घेतलं, विजेच्या खोक्यासाठी.

परत येताना त्यांना धाप लागली होती. झाडाखाली बसवून मी म्हणाले, "सर, सोडून द्या. कदाचित मीच चुकीचं ऐकलं असेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "चुकीचं ऐकून एवढं बरोबर वाक्य येत नसतं, बाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानंतर बरोबर जायचं टाळू लागले, परीक्षेचं निमित्त होतंच. सर एकटे जात राहिले.

कोर्स संपला आणि मला बीडकडं नोकरी लागली. निघताना तो चटणीचा डबा मी त्यांच्याकडंच ठेवला. मी फोन करायची. सर हॅलो म्हणायच्या आधी म्हणायचे, "नाही सापडली." मग इकडचं तिकडचं बोलायचे. प्रत्येक वेळी मी ठरवून फोन करायची की आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी त्यांचं ते "नाही सापडली" इतकं आशेनं आलेलं असायचं की मी त्यांच्या तब्येतीचं विचारून फोन ठेवायची.

एक दिवस त्यांचाच फोन आला. "ये एकदा. तुला काहीतरी दाखवायचंय."

"सांगा ना, सर."

"फोनवर सांगायची गोष्ट नाही. ये."

माझी खात्री झाली की यांना कळलं. कुणीतरी सांगितलं असेल, नाहीतर ते स्वतःच समजून चुकले असतील. मी म्हणाले, पेपर तपासायचे आहेत, पुढच्या महिन्यात येते. पुढच्या महिन्यात मी म्हणाले, सुट्टी नाही. असं करत करत मी सात-आठ महिने घालवले. शहरात एकदा लग्नाला येऊनसुद्धा पडेगावला गेले नाही. ज्या माणसानं मला शंभर प्रश्न न विचारता खोली दिली, त्याच्या एका प्रश्नाला मी घाबरले.

मग त्यांच्या भाचीचा फोन आला. सर गेले होते, दहावंही होऊन गेलं होतं. घर रिकामं करायचंय, तुमच्या नावानं खोकी बाजूला काढून ठेवली आहेत, तेवढी घेऊन जा, म्हणाली.

मी गेले. एकेचाळीस खोकी भिंतीशी रचलेली होती. त्यांच्यावर माझा चटणीचा डबा. झाकणावर सरांच्या अक्षरात बेचाळीस. मी तो तिथंच जमिनीवर बसून उघडला. आत एकच चिठ्ठी होती, मी लिहिलेली. 'नाव माहीत नाही' हे शब्द सरांनी एका सरळ रेघेनं खोडून वर नाव लिहिलं होतं, ठकूबाई. खाली निळा अंगठा. आणि पाचव्या रकान्यात, तपासलं, सरांची सही. तारीख त्यांनी मला बोलावलं त्याच्या आदल्या दिवसाची.

हे दाखवायचं होतं त्यांना. मला रागवायचं नव्हतं, काही विचारायचंही नव्हतं. ती सापडली, एवढं सांगायचं होतं.

मी मनानं रचलेल्या बाईचा अंगठा माझ्यासमोर होता. त्याच दुपारी मी हर्सूलला गेले. तळ्याकाठी दोघातिघांना विचारल्यावर ठकूबाईंचं ताडपत्रीचं, पालासारखं घर सापडलं. दारात एक म्हातारी लोकर विंचरत बसली होती. कपाळावर गोंदण होतं. मी मनानं लिहिलं होतं तसंच.

सरांचं नाव काढल्यावर तिनं हात थांबवले. "छत्रीवाला म्हातारा? लई दिसात आला नाय त्यो."

सर गेल्याचं मी सांगितलं. तिनं सरकून मला बसायला जागा केली.

मी चिठ्ठी दाखवून विचारलं, "हे तुम्ही खरंच म्हणाला होता?"

"नाय," ती म्हणाली. "पैल्यांदा आला तवा म्या नायच म्हणले. दुसऱ्या बारीला बी नाय म्हणले. दर ऐतवारी येयाचा, उन्हाचा. वाचून दाखवायचा आन् तोंडाकडं बघत ऱ्हायचा. एका दिशी आला तं चप्पल तुटलेली, पायाला रगत. म्हणलं, व्हय बाबा, म्याच म्हणले व्हते. तं तिथंच रडाया लागला."

"पण खोटं कामून बोललात, आजी?"

"खोटं कशाचं?" ती जरा चिडलीच. "मला लेक नाय, एक ल्योक हाय. पर बहीण हाय, धाकली. लांब दिली तिकडं, कधीच्या काळी. भेट नाय, काय नाय. त्या म्हाताऱ्यानं वाचलं तवा मला वाटलं, आगं, हे तं आपण म्हणाया पायजे व्हतं. मंग म्हणले." तिनं पुन्हा लोकर हातात घेतली. "आता तं समदेच म्हणत्यात आमच्यात. सून म्हणती, जावा म्हणत्यात."

मला राहवलं नाही. "आजी, ते वाक्य मी लिहिलं होतं. मनानंच. सरांना फसवलं मी."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मला वाटलं, आता ही रागावेल. ती म्हणाली, "तवा तुला कोणाची आठवण येत व्हती?"

"आईची."

"हाय का आई?"

"आहे."

"मंग बरं." तिच्या लेखी विषय संपला होता.

तिनं चहा केला. आम्ही सरांबद्दल बोलत बसलो. ते तिच्याकडं नंतरही येत, मेंढरांची नावं विचारत, जवसाची गोष्ट सांगत. ती तिला पाठ झाली होती. ऊन उतरल्यावर मी उठले. ती दारापर्यंत आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लोकर झटकता झटकता, माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्हातारा गेला म्हणून रडू नगं, बाई. भेट नाय तं नाय. लाईन हाय."

मी थांबले. पर्समध्ये सरांच्या घरून डब्याबरोबर आणलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, त्यांचा पॅडही होता. मी तिच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं. काय म्हणालं, ते लिहिलं. कोण म्हणालं, कुठं म्हणालं, लिहिलं. कुणी ऐकलं, तिथं माझं नाव लिहिलं, आणि या वेळी ते खरं होतं. ठकूबाईंनी काही न विचारता अंगठा दिला. तिला सवय होती.

पाचवा रकाना राहिला. तिथं दुसऱ्या कुणाची सही चालत नाही, माझी तर नाहीच. चिठ्ठी डब्यात आहे, पहिलीच्या शेजारी. अजूनही एखाद्या रविवारी सकाळी मी ती काढते, पेनाचं टोपण उघडते आणि कितीतरी वेळ तशीच बसते, सर आतून चष्मा पुसत बाहेर येतील म्हणून.